दरीचा झाला डोंगर : एग बेटावरचा स्गूर

आपल्या मंडळाच्या लेखमालेत आजवर मांडू झालं, महेश्वर झालं, जानापावचा डोंगर झाला. तेव्हा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक एवढंसं बेट आणि त्यावरचा ३९३ मीटरचा डोंगर इथे कशाला, असा प्रश्न वाचकांना पडणारच. इंदूरच आजूबाजूच्या मैदानापेक्षा नाही म्हटलं तरी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे तो अख्खा डोंगर आपल्या राजवाड्याच्या पायरीपेक्षाही खालीच राहतो! पण डोंगराची उंची आणि डोंगराचा इतिहास यांचा फारसा संबंध नसतो. या डोंगराचा दगड आपल्या माळव्याच्या दगडाचा दूरचा नातेवाईक आहे, त्याच्यावर एक जुना गड आहे आणि त्याच्या पायथ्याशी घडलेल्या गोष्टी स्थानिक इतिहासात रस असणाऱ्या कुणालाही विचार करायला लावतील अशा आहेत.

बेट आणि डोंगर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाचा बेटांचा मोठा समूह आहे. त्यातल्या स्काय या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला चार लहान बेटं आहेत : रम, एग, मक आणि कॅना. नावं ऐकून हसू येतं खरं, पण ती इंग्रजी नावं नाहीत. 'एग' हे गेलिक भाषेतल्या 'खाच' या अर्थाच्या शब्दावरून आलं असावं असं मानतात. समुद्रातून पाहिलं तर बेटाच्या उत्तरेला एक पठार, दक्षिणेला एक उंच कणा आणि मध्ये खोलगट खाच दिसते, म्हणून हे नाव.

बेट उत्तर-दक्षिण सुमारे नऊ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे पाच किलोमीटर. क्षेत्रफळ तीस चौरस किलोमीटरच्या आसपास. मुख्य भूमीवरच्या मॅलेग बंदरातून बोटीने जावं लागतं. वस्ती जेमतेम शंभर-सव्वाशे माणसांची.

दक्षिणेकडचा तो उंच कणा म्हणजे 'अन स्गूर'. यातलं 'अन' म्हणजे आपलं 'आणि' नव्हे, ते गेलिकमधलं नामाआधी येणारं उपपद आहे. 'स्गूर' म्हणजे खडकाळ, टोकदार शिखर. पुढे आपण नुसतं स्गूरच म्हणू. पूर्वेकडून, म्हणजे बोटीतून येताना, त्याचं टोक एकदम सरळसोट कड्यासारखं समोर येतं. त्या टोकाला तिथे 'नाक' म्हणतात. या नाकापासून मागे पश्चिमेकडे डोंगराची धार वळणं घेत काही किलोमीटर जाते. ही वळणं लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

वर जायची वाट पूर्वेकडच्या गॅल्मिसडेलच्या धक्क्यापासून निघते, कड्याच्या उत्तर अंगाने पायाशी पायाशी जाते, मग एका घळीतून धारेवर चढते आणि उलट पूर्वेकडे वळून नाकाच्या माथ्यावर पोचते. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ही रचना अगदी ओळखीची वाटेल. समोरून अभेद्य कडा आणि मागच्या बाजूने वाट.

त्यांचा दगड आणि आपला दगड

आता थोडं भूगर्भशास्त्र. घाबरू नका, पाताळपाणीचा धबधबा पाहिलेल्या कुणालाही हे समजेल. पाताळपाणीला चोरल नदी ज्या काळ्या थरांवरून खाली उडी घेते ते थर म्हणजे बेसॉल्ट, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थंड झालेले थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतावर असे थरावर थर पसरले. माळव्याची काळी माती त्यांच्याच झिजेतून झाली. या थरांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द सापळ्याचा नाही. स्वीडिश भाषेतल्या 'पायरी' या अर्थाच्या शब्दावरून तो आला, कारण असे डोंगर दुरून जिन्यासारखे दिसतात.

आपल्याकडचा लाव्हा थंडावल्यावर पन्नास-साठ लाख वर्षांनी तसाच प्रकार पृथ्वीच्या उत्तरेकडे झाला. ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून दूर सरकू लागले, मध्ये अटलांटिक महासागराचा उत्तर भाग उघडायला लागला आणि त्या फाटण्याच्या काळात स्कॉटलंडच्या पश्चिमेला लाव्हा वाहिला. स्काय, मल आणि एग या बेटांवरची पठारं त्याच लाव्ह्याची. एगचं उत्तरेकडचं पठार आणि दक्षिणेकडचा स्गूरचा पायथा हे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचे आहेत. थरावर थर, जिन्यासारखे. आपल्याकडच्या माणसाला ते घाटासारखेच दिसतील.

बेसॉल्टच्या खाली आणखी जुने, जुरासिक काळातले गाळाचे खडक आहेत. त्यांतून बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सागरी सरीसृपांची हाडं मिळाली आणि २०२० मध्ये डायनासोरच्या पायाच्या हाडाचा शोध जाहीर झाला. ते हाड सुमारे १६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं आहे. आपल्या धार जिल्ह्यात बाग-कुक्षीच्या परिसरात डायनासोरांची अंडी सापडतात तीही अशीच, लाव्ह्याच्या थरांखालच्या जुन्या खडकांत.

इथवर एग आणि माळवा यांची गोष्ट सारखीच चालते. स्गूरचा माथा मात्र वेगळा आहे.

दरीचा डोंगर कसा होतो

स्गूरचा वरचा भाग बेसॉल्टचा नाही. तो पिचस्टोन नावाच्या खडकाचा आहे. पिचस्टोन म्हणजे ज्वालामुखीतून निघालेली, झटकन थंड झाल्यामुळे काचेसारखी राहिलेली शिळा. ताज्या फोडलेल्या कपारीवर डांबरासारखी चकाकी दिसते, म्हणून हे नाव. स्गूरच्या पिचस्टोनमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे पांढरट स्फटिक जागोजाग विखुरलेले आहेत. थंड होताना हा खडक आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडून खांब तयार झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर त्या खांबांची कल्पना येईल. गिल्बर्ट टेकडी बेसॉल्टची आहे, पण खांब होण्याचं कारण एकच.

पिचस्टोनचा हा थर काही ठिकाणी शंभर मीटरहून जाड आहे, आणि तो बेसॉल्टच्या पठारावर सपाट पसरलेला नाही. एका लांब, वळणावळणाच्या पट्ट्यासारखा तो बसला आहे. त्याच्या बुडाशी काही ठिकाणी गोटे, वाळू आणि चिखल यांचा थर सापडतो. त्या गोट्यांत बेसॉल्ट आहे, तसे लाल वालुकाश्माचे तुकडेही आहेत. तसला वालुकाश्म शेजारच्या रम बेटावर आहे. त्याच थरात दगड झालेलं लाकूडही मिळालं. एका पाईनसारख्या झाडाचं हे लाकूड १९व्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकांच्या हाती आलं आणि 'एगचा पाईन' म्हणून प्रसिद्ध झालं.

गोलसर गोटे, वाळू, वाहून आलेलं लाकूड. हे सगळं एकत्र कुठे सापडतं? नदीच्या पात्रात.

आर्चिबाल्ड गीकी या स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात नेमकं हेच ओळखलं आणि १८७१ मध्ये सविस्तर मांडलं. त्याचं म्हणणं असं : बेसॉल्टचं पठार तयार झाल्यावर त्यात एका नदीने दरी कोरली. पुढे ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या काचमय द्रव्याने ती दरी तळापासून भरून टाकली. त्यानंतर लाखो वर्षं ऊन, पाऊस, बर्फ यांनी आजूबाजूचा बेसॉल्ट झिजत गेला. दरीच्या दोन्ही बाजूंचे काठ नाहीसे झाले. पिचस्टोन मात्र कणखर, तो टिकला. काठ खाली गेले, तळ वर राहिला. आज आपण ज्याला डोंगर म्हणतो ती एका हरवलेल्या दरीची मूस आहे. मघाची वळणं आठवा : ती डोंगराची वळणं नाहीत, त्या नदीची आहेत.

ओतकाम करणाऱ्या कारागिराला हे चटकन कळेल. साच्यात धातू ओतायचा आणि मग साचा फोडून टाकायचा. इथे साचा होता दरी, आणि तो फोडायला काळाला पाच-सहा कोटी वर्षं लागली.

पण गीकीचं म्हणणं सगळ्यांनी लगेच मानलं असं नाही. आल्फ्रेड हार्कर या तितक्याच मोठ्या अभ्यासकाने १९०६ मध्ये उलट मत मांडलं. त्याच्या मते हा खडक जमिनीवर वाहिलेलाच नव्हता. तो खालून, जुन्या थरांच्या मध्ये पाचरीसारखा घुसला होता. हे खरं असतं तर दरी नाही, नदी नाही, काहीच नाही. मग १९१४ मध्ये एडवर्ड बेली या तरुण भूगर्भशास्त्रज्ञाने पुन्हा गीकीच्या बाजूने पुरावा मांडला, आणि आता दरीचाच सिद्धांत मान्य आहे. त्यातही २०१३ मध्ये एक नवा पैलू पुढे आला. हा नुसता संथ वाहणारा लाव्हा नसावा, तर प्रचंड स्फोटातून उसळलेल्या तप्त राखेचे लोट दरीत भरले आणि इतके तापलेले होते की राख परत वितळून एकसंध काच झाली, असं संशोधकांनी दाखवलं. या खडकाचं वय सुमारे ५ कोटी ८७ लाख वर्षं निघतं. एगपासून पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर समुद्रात एक छोटासा खडक डोकं वर काढून आहे, तोही याच पिचस्टोनचा. त्यावरून मूळ लोट केवढा असेल याचा अंदाज करा!

हा वाद मी मुद्दाम एवढा सांगितला. गीकी आणि हार्कर दोघंही त्याच कड्यापाशी उभे राहिले, दोघांनीही तोच थर पाहिला. निर्णय झाला तो बुडाशी असलेल्या मूठभर गोट्यांवरून आणि लाकडाच्या तुकड्यांवरून. आपण गढीचा बुरूज बघतो, फोटो काढतो आणि पायाजवळची खापरं तुडवत पुढे जातो, तेव्हा हे आठवावं.

बेट्सी बोट आणि नागपूरचे हिस्लॉप

या डोंगराची ओळख सामान्य वाचकांना करून दिली ह्यू मिलर यांनी. मिलर मूळचे पाथरवट. दगड फोडता फोडता त्यांतल्या जीवाश्मांचे जाणकार झाले आणि पुढे एडिंबरोत एका वृत्तपत्राचे संपादक. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि 'फ्री चर्च' वेगळं झालं. एग आणि आसपासच्या बेटांचे धर्मगुरू जॉन स्वॅन्सन हे फुटून निघालेल्यांपैकी. त्यामुळे त्यांचं बेटावरचं घर गेलं आणि ते 'बेट्सी' नावाच्या छोट्या बोटीवर राहून बेटाबेटांवर काम करू लागले. १८४४ मध्ये मिलर या मित्राबरोबर त्या बोटीने हिंडले. स्गूर चढले, एगच्या पाईनचे तुकडे गोळा केले, उत्तर किनाऱ्यावर सरीसृपांची हाडं शोधली. या प्रवासाचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८५८ मध्ये निघालं.

आता यातला आपला धागा बघा. याच फ्री चर्चचे एक मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले, भोसल्यांचं राज्य अजून चालू असताना. त्यांचं नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. मिशनचं काम सांभाळून हिस्लॉप नागपूरच्या परिसरात दगड धुंडाळत हिंडायचे. टाकळी आणि आसपासच्या गावांत दख्खन ट्रॅपच्या दोन थरांच्या मध्ये दबलेले गाळाचे पातळ थर त्यांना सापडले. त्यात गोड्या पाण्यातले शंख होते, बिया होत्या, दगड झालेलं लाकूड होतं. १८५५ मध्ये त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह हे लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. एगच्या गोट्यांच्या थराने जी गोष्ट सांगितली तीच नागपूरच्या थरांनीही सांगितली. ज्वालामुखी सारखा धगधगत नव्हता. मधल्या विसाव्याच्या काळात नद्या वाहिल्या, तळी भरली, झाडं उगवली, आणि मग पुन्हा आग आली. विदर्भातली शिळावर्तुळंही हिस्लॉप यांच्या अभ्यासाचा विषय होती. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला.

माथ्यावरचा गड

आता माणसांकडे येऊ. स्गूरच्या पायथ्याशी गॅल्मिसडेलला कांस्ययुगाच्या शेवटच्या काळातले, धातू ओतायच्या मातीच्या साच्यांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी या कड्याखाली बसून कुणीतरी कुऱ्हाडी ओतत होतं. खुद्द पिचस्टोनही प्राचीन माणसाच्या उपयोगाचा दगड, काचेसारखा फुटतो, धार येते. पण त्या काळी मागणी होती ती दक्षिणेकडच्या ॲरन बेटावरच्या नितळ पिचस्टोनला. तो थेट उत्तरेच्या ऑर्कनी बेटांपर्यंत पोचला होता. स्गूरच्या दगडात स्फटिकांचे खडे फार, त्यामुळे तो तितका सरळ फुटत नाही. आपल्याकडेही छिलण्यासाठी सगळे दगड चालत नाहीत, गारगोटी आणि अकीक यांना वेगळा मान असतो, तसंच हे.

दगड हत्याराला फारसा नाही, तर नाही. डोंगर मात्र गड करायला उत्तम होता. स्गूरच्या माथ्यावर लोहयुगातला मानला जाणारा एक गड आहे. बांधकाम म्हणाल तर एकच भिंत. तीन बाजूंना कडे असल्यामुळे तिथे काही बांधायची गरज नव्हती. पश्चिमेकडून धारेवरून जिथे चढता येतं, तेवढीच बाजू रचीव दगडांच्या जाड तटाने अडवली आहे. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. निसर्गाने नव्वद टक्के काम करून ठेवलं की उरलेलं दहा टक्के माणसाने करायचं, हे गणित सह्याद्रीतल्या गडकऱ्यांना जसं ठाऊक होतं तसंच या लोकांनाही.

गडाला पाणी लागतंच. १७०३ मध्ये मार्टिन मार्टिन या स्कायच्या लेखकाचं पश्चिमेकडच्या बेटांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यात त्याने स्गूरबद्दल तीन गोष्टी नोंदवल्या : माथ्यावर गोड्या पाण्याचं तळं आहे, वर जायला एकच वाट आहे आणि त्यामुळे हा नैसर्गिक किल्लाच झाला आहे. आपल्याकडे गड बघायला गेलं की आधी टाकं कुठे आहे ते विचारतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या या माणसाची नजरही तिथेच गेली.

हा गड कायम वस्तीचा असेल असं वाटत नाही. तिथला वारा आणि पाऊस पाहता माणसं खाली शेतांजवळ राहत असणार आणि संकट आलं की गुरांसह वर जात असणार, हाच अंदाज जास्त पटतो. शिवाय गड नुसता लढाईसाठीच नसतो. समुद्रातून येणाऱ्या प्रत्येक बोटीला तो कडा आधी दिसायचा. त्यावर तट बांधणं म्हणजे 'इथे आम्ही आहोत' असं बजावून सांगणं.

मोठ्या बायकांचं तळं

स्गूरच्या पश्चिम अंगाला एक तळं आहे. त्याचं नाव लोख नम बान मोरा, म्हणजे 'मोठ्या बायकांचं तळं'. तळ्यात एक छोटं तटबंदीचं बेट आहे. तिथे धिप्पाड बायका राहायच्या, पाण्यात त्यांनी पाय ठेवायला दगड टाकले होते, पण ते इतक्या अंतरावर की साध्या माणसाला तेवढी ढांग टाकता यायची नाही, असं लोक सांगत. मार्टिनने आणखी एक नोंद केली आहे. बेटावरचे लोक समुद्रावर असताना बेटाचं नेहमीचं नाव उच्चारत नसत, ते अपशकुनी मानत. त्याऐवजी 'मोठ्या बायकांचं बेट' म्हणत. आपल्याकडेही रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

या बायका कोण? इथे आपण दंतकथेतून इतिहासात उतरतो. सहाव्या शतकाच्या शेवटी आयर्लंडमधून डोनन नावाचा ख्रिस्ती साधू एगला आला आणि त्याने मठ स्थापला. कथेप्रमाणे तो आधी प्रख्यात संत कोलंबा यांच्याकडे गेला आणि 'माझे आत्मसखा व्हा' म्हणाला. कोलंबांनी नकार दिला, कारण रक्त सांडून मरणाऱ्यांचा सखा मला व्हायचं नाही. पुढे तसंच झालं. १७ एप्रिल ६१७ रोजी डोनन आणि त्याचे साथीदार मारले गेले. आयरिश बखरींत एगच्या हुतात्म्यांच्या जळण्याची नोंद आहे. साथीदारांची संख्या परंपरेने ५२ सांगतात.

मारलं का? जुन्या टिपणात कारण आहे ते मोठं व्यवहारी. बेटावर एका श्रीमंत बाईच्या मेंढ्या चरायच्या. साधूंनी वस्ती केली, कुरण गेलं, म्हणून तिने मारेकरी घातले. मारेकरी आले तेव्हा प्रार्थना चालू होती. ती पूर्ण होऊ द्या, एवढी विनंती डोननने केली आणि ती मान्य झाली. लोककथेत हीच बाई राणी झाली, मारेकरी तिच्या धिप्पाड बायका झाल्या आणि तळ्याला नाव मिळालं.

सगळं झटकून जे उरतं ते पाहा. साल आहे, तिथी आहे, स्वतंत्र बखरीतली नोंद आहे आणि किलडोनन हे ठिकाण आहे. 'किल' म्हणजे साधूची मठी किंवा देऊळ, म्हणजे किलडोनन हे 'डोननचं देऊळ'. कोलंबांच्या चरित्रात, जे इसवी सन ७००च्या आसपास अडोम्नान यांनी लिहिलं, एगचा उल्लेख आहे : कोलंबांचे शिष्य वाऱ्यामुळे तिथे अडकून पडले होते. म्हणजे बेट साधूंच्या वाटेवर होतंच. दंतकथा खोटी म्हणून फेकून दिली असती तर कुरणाचा तंटा हे खरं कारणही तिच्याबरोबर गेलं असतं.

डोननच्या मृत्यूनंतर मठ पुन्हा उभा राहिला. किलडोननला कोरीव क्रूसशिळा मिळाल्या आहेत. पुढे उत्तरेकडून नॉर्वेचे दर्यावर्दी, व्हायकिंग आले. किलडोननजवळच्या थडग्यांच्या उंचवट्यांतून १९व्या शतकात त्यांच्या वस्तू निघाल्या. त्यात तलवारीची एक अतिशय सुंदर नक्षीची मूठ आहे. १८७८ मध्ये बेटाच्या पश्चिमेकडे, लेगच्या दलदलीतून, ओकच्या लाकडातून कोरलेले जहाजाच्या टोकाचे दोन भाग सापडले. कुणीतरी जहाज बांधण्यासाठी ते कोरून, लाकूड तडकू नये म्हणून चिखलात ठेवले होते आणि परत न्यायला कुणी आलंच नाही. १२६६च्या तहाने ही बेटं नॉर्वेकडून स्कॉटलंडकडे आली.

गुहा आणि ग्रूलिन

स्गूरच्या पायथ्याचे पुढचे दोन प्रसंग प्राचीन नाहीत, पण ते टाळून या डोंगराचा इतिहास पुरा होत नाही.

पहिला १५७७चा. दक्षिण किनाऱ्यावर एक गुहा आहे, तोंड इतकं अरुंद की रांगत आत जावं लागतं. स्कायच्या मॅक्लाउड कुळाने एगच्या मॅकडोनल्ड कुळावर सूड उगवायला स्वारी केली. बेटावरचे लोक गुहेत लपले. मॅक्लाउडांनी तोंडाशी आग लावली आणि आतली सगळी माणसं धुराने गुदमरून मेली. जुन्या नोंदीत आकडा ३९५ आहे. आकड्याबद्दल शंका घेता येते, पण हाडं खरी होती. वॉल्टर स्कॉट १८१४ मध्ये आला तेव्हा तिथली एक कवटी घेऊन गेला! अलीकडे गुहेत मिळालेल्या हाडांचं वय पंधराव्या ते सतराव्या शतकाच्या दरम्यानचं निघालं. संकटात या लोकांनी माथ्यावरच्या जुन्या गडाऐवजी गुहेचा आसरा घेतला, हे मनाला लागून राहतं. गड लोकांच्या आठवणीत होता, पण वापरातून गेला होता.

दुसरा प्रसंग १८५३चा. स्गूरच्या दक्षिण उतारावर, समुद्राकडे तोंड करून ग्रूलिन नावाचं गाव होतं. मेंढ्यांसाठी मोकळी जमीन हवी म्हणून १४ कुटुंबांना एकदम उठवलं. बहुतेक जण अटलांटिकपलीकडे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले. आज तिथे छप्पर नसलेल्या भिंती आहेत आणि जुन्या शेतांचे वरंबे. स्गूरवरून कोसळलेल्या मोठमोठ्या दगडांच्या आधाराने लोकांनी घरं बांधली होती, ती तशीच दिसतात. ६१७ मध्ये मेंढ्यांच्या कुरणासाठी साधू गेले, १८५३ मध्ये मेंढ्यांच्या कुरणासाठी शेतकरी गेले. मधे साडेबाराशे वर्षं, कारण तेच.

त्यानंतर बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जात राहिलं. अखेर १२ जून १९९७ रोजी रहिवाशांनी वर्गणी जमवून, एक न्यास करून बेट विकत घेतलं. तेव्हा साठ-पासष्ट माणसं उरली होती. २००८ पासून बेटावर स्वतःची वीज आहे, पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर चालणारी. प्रत्येक घराने एका वेळी पाच किलोवॅटपेक्षा जास्त वापरायची नाही असा नियम लोकांनी स्वतःवर घालून घेतला.

आपण यातून काय घ्यावं

ग्रूलिनच्या लोकांबरोबर फक्त माणसं गेली नाहीत. कुठल्या दगडाला काय म्हणायचं, कुठल्या ओहोळाला काय नाव, हे सांगणारी जीभ गेली. एगवर गेलिक बोलणारे आता थोडे आहेत. तरी तळ्याचं नाव टिकलं म्हणून डोननचा शोध घेणाऱ्याला वाट मिळाली. डोंगराची गोष्ट बुडाशी अडकलेल्या गोट्यांनी सांगितली आणि माणसांची गोष्ट नावांनी.

हे आपल्याला, म्हणजे इंदूर-देवास-धारच्या मराठी मंडळींना, इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. तीनशे वर्षांत इथल्या वाड्यांना, घाटांना, विहिरींना, शेतांना मराठी नावं पडली, त्यांच्याखाली माळवी नावं होती, आणि आता दोन्हींवर नव्या कॉलनीच्या पाट्या चढत आहेत. मोठे वाडे आणि छत्र्या यांची कागदपत्रं आहेत, त्यांची काळजी कुणी ना कुणी घेईल. ज्या विहिरीचं नाव फक्त गल्लीतल्या दोन आजींना ठाऊक आहे, तिची काळजी घेणारं आपल्याशिवाय कोणी नाही. मंडळाच्या सभासदांनी आपापल्या गल्लीतली, आपापल्या शेताशिवारातली अशी नावं, ती कुणी सांगितली आणि त्यामागची गोष्ट काय, एवढं एका वहीत उतरवलं तरी पुष्कळ. गोष्ट खरी की खोटी हे मागाहून ठरवता येईल. ठरवायला आधी ती हाताशी हवी.